‘काही होत नाही रे!’ म्हणण्यापूर्वी

आपल्या भागात चिठ्ठीशिवाय सर्वांत जास्त वाटले जाणारे औषध कोणते, असे कोणी विचारले तर मी तापाच्या गोळीचे नाव घेणार नाही. ‘काही होत नाही रे, सगळं ठीक होईल’ हे ते औषध. नोकरी गेली, घरात आजारपण आले, सोसायटीचे कर्ज थकले, मुलाचे शिक्षण अर्धवट राहिले, कशावरही हे एकच वाक्य. त्याला पैसे पडत नाहीत, ते कडू नसते आणि देणाऱ्याला तर लगेच बरे वाटते. घेणाऱ्याला किती बरे वाटते याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही.

हा विषय निघाला तो एका पत्रावरून. पत्र लिहिणारा तरुण आमच्याच तालुक्यातला आहे. तो लिहितो : ‘‘आमच्या चौघांच्या टोळक्यातला एक जण खालापूर बाजूच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. कंत्राट संपले. आता तो घराबाहेर पडत नाही. आम्ही भेटायला जातो, पण काय बोलावे ते सुचत नाही. ‘होईल रे काहीतरी’ म्हणतो. तो ‘हो’ म्हणतो आणि गप्प बसतो. आमचे काही चुकते आहे का?’’

पत्र वाचून मला आनंद झाला. पंचवीस-सव्वीस वर्षांची तीन मुले चौथ्याच्या घरी जातात, तो बोलत नाही तरी पुन्हा जातात आणि आपण नीट बोलतो आहोत ना, याची काळजी करतात. अशा मित्रांना मी चुकता म्हणणार नाही. ते फक्त घाई करीत आहेत. ‘होईल रे’ हे वाक्य आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा समोरच्याची भीती आपल्याला सहन होत नसते म्हणून म्हणतो. वाक्य संपले की विषय संपतो. त्या मुलालाही ते कळते, म्हणून तो ‘हो’ म्हणून गप्प बसतो. पुढे काय होईल याची हमी डॉक्टरला देता येत नाही, ज्योतिषाला देता येत नाही, मग मित्राला कशी देता येईल? मित्राला देता येते ती आपल्या येण्याजाण्याची हमी. ‘नोकरी कधी लागेल ते मला माहीत नाही, पण रविवारी सकाळी मी येतोय’ या वाक्यात धीर अधिक आहे, कारण ते खरे करून दाखवता येते.

आता हा मुलगा एकटा नाही. दवाखान्यात बसल्यावर दिसते ते असे की, आपला कडाव-कशेळे पट्टा आणि खाली खोपोली-खालापूरपर्यंतचा सगळा भाग गेली काही वर्षे पायाखालची जमीन सरकल्यासारखा वागतो आहे. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर, राजनाल्याच्या जोरावर, इथे उन्हाळी भात पिकते. डोंगराकडेच्या वाड्यांना जे कधी मिळाले नाही ते सुख इथल्या शेतकऱ्याला मिळाले. त्याच शेतांवर आता कुंपणे पडली, आत शेतघरे उठली. शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला आणि जमिनीचे भाव असे चढले की बापाने जन्मभर पाहिले नसतील एवढे पैसे पोराने एका सहीत पाहिले.

पैसे आले यात वाईट काहीच नाही. पण अशा घरांतला पन्नाशीचा कर्ता पुरुष माझ्याकडे काय घेऊन येतो? छातीत धडधड, आंबट ढेकर, पहाटे तीनला जाग. कार्डिओग्राम स्वच्छ येतो. बोलता बोलता कळते की सकाळी उठून जायला जागाच उरलेली नाही. पूर्वी बांधावर जायचे होते, पाणी वळवायचे होते, बैलाला चारा घालायचा होता. मित्र त्याला म्हणतात, ‘‘तुला रे काय कमी आहे? दारात गाडी आहे!’’ हेही धीर देणेच आहे अशी त्यांची समजूत. पण या वाक्याने त्या माणसाचे तोंड कायमचे बंद होते. ज्याला काही कमी नाही त्याने रडायचे कोणत्या तोंडाने?

आणखी एक गोष्ट या जमिनींबरोबर गेली, तिचा हिशेब कोणी मांडलेला नाही. आवणीच्या दिवसांत लोक एकमेकांच्या खाचरात जात. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. पावसात कमरेतून वाकून रोप लावता लावता माणूस शेजारच्याला जे सांगे ते तो समोरासमोर बसून कधीच सांगत नसे. पुरुषमाणसे तर विशेष. डोळ्यांत पाहून ‘मला भीती वाटते’ म्हणणे आपल्याकडच्या पुरुषाला जमत नाही. खाली चिखलाकडे पाहत तो म्हणू शकतो. आता लावणीला बाहेरून मजूर आणावे लागतात. मैत्रीला काही झालेले नाही, पण मैत्री जिथे बोलत असे ती जागा गेली आहे. नुसते मोबाइलवर ‘शुभ सकाळ’चे फूल पाठवून ती भरून येत नाही.

बायकांचे आणखी वेगळे. घरोघरी नळ आले, ही आरोग्याच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे आणि हंडे पुन्हा डोक्यावर यावेत असे कोणी म्हणणार नाही. पण पाणवठ्यावरची ती अर्ध्या तासाची बैठक सुटली ती सुटलीच. त्याहून मोठा प्रश्न लग्नाचा. आपल्या समाजात आयुष्यातला सर्वांत मोठा बदल आपण मुलीवर विशी-बाविशीत लादतो. घर बदलते, गाव बदलते, नाव बदलते. याबद्दल आपण गाणी म्हणतो, डोळे पुसतो. पण तिच्या मैत्रिणींचे काय झाले, हे आजवर एकाही सासूने किंवा नवऱ्याने माझ्यासमोर तिला विचारलेले मी ऐकले नाही. नवऱ्याचे शाळेतले मित्र लग्नानंतरही घरी येतात, चहा मागतात. तिची शाळेतली मैत्रीण मात्र ‘माहेरची ओळख’ होऊन बसते. मग पहिल्या बाळंतपणानंतर ही मुलगी रडत राहते, दूध येत नाही म्हणते, झोप नाही म्हणते. सासरची मंडळी विचारतात, ‘‘डॉक्टर, टॉनिक देता का?’’ लोहाची गोळी मी देतो, ती द्यावीच लागते. पण त्याच वेळी विचारतो, ‘‘हिची जवळची मैत्रीण कोण? तिला चार दिवस बोलावता येईल का?’’ घरातले चमकून पाहतात. मला यात चमकण्यासारखे काही वाटत नाही.

अनिश्चितता शरीरात नेमके काय करते, याकडे वळू. २०१६ साली लंडनमध्ये एक प्रयोग झाला. पंचेचाळीस जणांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावर दगड दिसत आणि प्रत्येक दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचे. साप निघाला की हाताला विजेचा लहानसा, पण दुखेल असा झटका. घाम, डोळ्यांतील बाहुलीचा आकार आणि माणसाचे स्वतःचे सांगणे यांवरून ताण मोजला. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना ताण सर्वांत जास्त असेल, असे आपल्याला वाटते. तसे झाले नाही. ताण सर्वांत जास्त होता तो शक्यता निम्मी-निम्मी असताना. बसेलही, नाहीही बसणार.

कंत्राट वाढेल की नाही, जमिनीची नोटीस येईल की नाही, तपासणीचा अहवाल कसा येईल, हे सगळे असे दगडाखालचे साप आहेत. अशा वेळी शरीर सतत तयारीत राहते. अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात वाढतात. दोन-चार दिवस हे चालते. महिनोन्महिने चालले की झोप तुटते, पोट बिघडते, मान आणि पाठ आखडते, मधुमेह असलेल्याची साखर गोळ्या चालू असूनही वर राहते. असे रुग्ण माझ्याकडे ‘गॅस झालाय’ म्हणून येतात. गॅस या शब्दाखाली आपल्या तालुक्यात किती दुःख दडले आहे याची कल्पना कोणाला येणार नाही.

मित्राने यात काय फरक पडतो? पडतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना एका चढणीच्या पायथ्याशी उभे करून चढ किती उभा वाटतो ते विचारले. एकट्या उभ्या असलेल्यांना तो जास्त उभा वाटला, शेजारी मित्र असलेल्यांना कमी. ज्यांची मैत्री जुनी त्यांना आणखी कमी. प्रयोग लहान होता, त्यावर फार मोठे मजले चढवू नयेत. पण खांडसहून भीमाशंकरची वाट ज्याने एकदा एकट्याने आणि एकदा चार मित्रांबरोबर चढली आहे, त्याला याचे फारसे आश्चर्य वाटणार नाही. चढ तेवढाच असतो.

मैत्रीचा उपचार म्हणून सर्वांत गाजलेला प्रयोग मात्र आफ्रिकेतला आहे आणि तो मला आपल्या गावांसाठी फार जवळचा वाटतो. झिंबाब्वे या देशात मनोविकारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. डॉ. डिक्सन चिबांडा हे त्यांपैकी एक. त्यांची एक तरुण रुग्ण आत्महत्येने गेली. तिला दवाखान्यात आणायला आईकडे बसभाड्याचे पैसे नव्हते. (आपल्या वाड्यांवरून कर्जतला येणाऱ्यांना हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही.) त्यानंतर २००६ साली त्यांनी हरारे शहरात दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक ठेवला. त्यावर गावातलीच, गोळ्या-औषधांचे शिक्षण नसलेली, पण थोडे प्रशिक्षण घेतलेली आजी बसू लागली. ‘मानसिक आरोग्याचा बाक’ असे नाव होते तोवर लोक बिचकत होते. आज्यांनीच सांगितले, नाव बदला. तो ‘मैत्रीचा बाक’ झाला आणि लोक येऊन बसू लागले. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला एक शब्द आहे, ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करणे. आपल्याकडचा रुग्णही ‘मला नैराश्य आहे’ असे कधी म्हणत नाही. ‘डॉक्टर, डोक्यात विचार लई येतात’ असेच म्हणतो.

या बाकाची पारख पुढे रीतसर झाली. चोवीस दवाखान्यांतील ५७३ रुग्णांवरचा अभ्यास २०१६ च्या अखेरीस अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. आजीशी बोलणाऱ्यांची लक्षणे सहा महिन्यांनंतर नेहमीचा उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. आजी काय करत होती? सल्ल्यांचा पाऊस पाडत नव्हती. दहा अडचणींमधून आज एक निवडायची, त्या एकीवर या आठवड्यात काय करता येईल ते त्या माणसाकडूनच काढून घ्यायचे आणि पुढच्या आठवड्यात विचारायचे, ‘काय झाले?’

इतके दूर जायला नको असेल तर शेजारचा गोवा घ्या. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर असाच अभ्यास झाला. ‘लॅन्सेट’मध्ये तो २०१७ साली छापून आला. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेच्या कामातून तो उभा राहिला. समुपदेशक स्थानिक, डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षित. तीन महिन्यांनी त्यांच्याकडील १०० पैकी ६४ रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना फक्त नेहमीचा उपचार मिळाला त्यांच्यात हे प्रमाण ३९ होते. आपल्या राज्यातही पुण्याच्या एका कायदा महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत ‘आत्मीयता’ नावाचे काम केले. त्यात गावातलेच स्वयंसेवक ‘आत्मीयता मित्र’ होते. शब्द पाहा, ‘मित्र’.

गोव्याच्या उपचाराचे सूत्र पत्र लिहिणाऱ्या तरुणाने लक्षात ठेवावे. आपण म्हणतो, ‘बरे वाटू दे, मग तो बाहेर पडेल.’ ते लोक उलटे करतात. आधी छोटेसे काम, मग हळूहळू बरे वाटणे. म्हणून त्याला ‘चल, बाहेर पड, मूड बदल’ असे म्हणू नका. ‘माझ्या गाडीचे चाक काढायचे आहे, धरायला ये’ असे म्हणा. चाक धरता धरता तो बोलला तर बोलला, नाहीतर चाक तर निघेल.

भेटीत काय बोलू नये ते आधी सांगतो. ‘माझ्या मेहुण्याचे तर याहून वाईट झाले होते’ हे नको. दुसऱ्याच्या मोठ्या दुःखाने आपले लहान होत नाही, ते फक्त सांगण्यालायक उरत नाही. ‘मी तुला तेव्हाच सांगितले होते’ हे तर कधीच नको. आणि पहिल्याच भेटीत ‘रिक्षा घे, वडापावची गाडी लाव’ हेही नको. बुडणाऱ्याला पोहण्याचे प्रकार शिकवण्यासारखे ते होते.

मग बोलावे काय? साधे विचारावे : ‘‘सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते रे?’’ आणि मग गप्प बसावे. हे गप्प बसणे अवघड असते, घड्याळ लावून पाहा. पुष्कळदा उत्तर आपल्या अंदाजापेक्षा वेगळे निघते. नोकरी गेलेल्या माणसाची भीती उपासमारीची असेल असे आपल्याला वाटते, पण तो म्हणतो, ‘बायकोच्या माहेरी काय सांगू?’ भीतीला नाव मिळाले की तिच्यावर काही करता येते. त्यातले बरेच काम कागदपत्रांचे असते. कामाचा हिशेब मिळाला का, पीएफचा अर्ज भरला का, ईएसआयचे कार्ड अजून चालते का, गाडीच्या हप्त्यासाठी बँकेत जाऊन मुदत मागितली का. घाबरलेल्या माणसाला अर्जाचे दोन कागद डोंगराएवढे वाटतात. अशा वेळी ‘मी उद्या सुट्टी काढतो, आपण दोघे जाऊ’ असे म्हणणारा मित्र झोपेच्या गोळीहून गुणकारी ठरतो, हे मी औषधे लिहून देणारा माणूस म्हणून सांगतो.

मोठे संकट कोसळते तेव्हाचा मार्ग थोडा निराळा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. जी वाचली त्यांना ‘देवाने तुला वाचवले, आता रडू नको’ असे सांगणारे पुष्कळ असतात. हेतू चांगला असतो, पण ज्याचे भाऊ-भावजय मातीखाली आहेत त्याच्या कानाला ते वाक्य कसे लागत असेल? जागतिक आरोग्य संघटनेने अशा प्रसंगांसाठी २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचा गाभा तीन शब्दांत आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे का, ओला-उपाशी आहे का ते पाहा. तो बोलला तर ऐका, पण ‘काय झाले ते सगळे सांग’ म्हणून खोदू नका. बळजबरीने सांगायला लावल्याने मन मोकळे होते, ही समजूत जुनी आहे आणि ती खरी ठरलेली नाही. आणि मग त्याला त्याच्या माणसांशी, शिध्याशी, दवाखान्याशी जोडून द्या. कोरडा टॉवेल आणि चहा हे मानसिक प्रथमोपचारात बसते.

धीराच्या बाबतीत दोन धोके आहेत. पहिला अति धीराचा. काही जणांना आजाराचीच भीती बसते. कोरोनाच्या साथीनंतर असे रुग्ण मी बरेच पाहिले. शेजारचा चाळिशीत हृदयविकाराने गेला की हा रोज मित्राला फोन करून विचारतो, ‘मला काही होणार नाही ना?’ मित्र सांगतो, ‘नाही रे.’ तासभर बरे वाटते, मग पुन्हा फोन. इथे दर वेळी दिलेला धीर तलफ भागवणाऱ्या तंबाखूसारखा होतो, जितका द्यावा तितका आणखी लागतो. एकदा नीट तपासणी करून घ्या, डॉक्टरांचे म्हणणे दोघांनी मिळून ऐका. त्यानंतर फोन आला की प्रेमाने सांगा, ‘याचे उत्तर आपण परवा ऐकले आहे, आता चल, नाल्याकडे एक चक्कर मारू.’ उत्तर देऊ नका, सोबत द्या. तरीही थांबत नसेल तर तो चिंतेचा विकार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

दुसरा धोका आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, पण त्याविषयी कोणी बोलत नाही. पुरुषांचा धीर बाटलीबरोबर येतो. ‘चल, बसू आज, विसरशील सगळे.’ दारूने डोळा लवकर लागतो हे खरे, पण झोप उथळ होते आणि मध्यरात्री उतरली की धडधड आणि भीती दुप्पट होऊन येते. आधीच खचलेल्या माणसाचा स्वतःवरचा ताबाही ती काढून घेते. मित्राला त्याच्या वाईट काळात पाजणारा माझ्या मते मित्र नव्हे. यावर काही वाचक रागावतील, रागवावे.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. २०२२ साली देशात नोंद झालेल्या १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांपैकी २२ हजार ७४६ आपल्या महाराष्ट्रातल्या होत्या. सर्व राज्यांत सर्वांत जास्त. त्यामुळे मित्र ‘आता काय उरलंय’, ‘माझ्यावाचून घरच्यांचे बरे चालेल’ असे बोलू लागला, आवडती वस्तू देऊन टाकू लागला, फार दिवसांच्या अस्वस्थतेनंतर एकाएकी शांत दिसू लागला, तर ‘वेड्यासारखे बोलू नको’ म्हणून उडवून लावू नका. सरळ विचारा, ‘‘जिवाचे काही बरेवाईट करावे असे मनात येते का?’’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही भीती निराधार आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून सुटल्यासारखे वाटले, असे सांगणारी माणसे भेटतात. उत्तर ‘हो’ आले तर त्या रात्री त्याला एकटे सोडू नका. भातावर फवारायची औषधे घरातून हलवा. ही साधी खबरदारी जीव वाचवते, कारण तो क्षण पुष्कळदा तासाभरात टळतो. पोलीस केसच्या भीतीने लपवाछपवी करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असेच धरले जाते. ‘टेलि-मानस’ ही सरकारची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्री चालते आणि मराठीतून बोलता येते. तो स्वतः फोन लावत नसेल तर तुम्ही लावा.

कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना तिथे आणून उपचार करतात आणि बरे झाल्यावर देशभरात जिथे घर असेल तिथे पोहोचवतात. या कामासाठी डॉ. वाटवानींना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या तालुक्यात राहून ज्याने हे काम ऐकले आहे, त्याने तरी मनाच्या आजाराला ‘बाहेरची बाधा’ म्हणू नये. रस्त्यावर आलेला प्रत्येक माणूसही कधीतरी कोणाच्या तरी टोळक्यातला चौथा होता.

पत्र लिहिणाऱ्या तरुणासाठी आता शेवटचे. तुमच्या मित्राची झोप, भूक आणि कामातले लक्ष दोन आठवड्यांहून अधिक काळ गेलेले असेल तर त्याला डॉक्टरकडे घेऊन या. ‘तुला मानसिक झाले आहे’ असे सांगून आणू नका. ‘झोपेचे काहीतरी करून घेऊ’ म्हणा, ते खरेही आहे. तिघांनी पाळ्या लावा. एकट्या मित्रावर सगळा भार पडला तर महिन्याभरात तोच माझ्या दारात ‘गॅस’ घेऊन उभा राहील. नैराश्याची गोळी सुरू झाली तर तिचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, बरे मात्र काहीच वाटत नाही, आणि नेमक्या याच दिवसांत पुष्कळ रुग्ण गोळी सोडून देतात. या दिवसांत रोज संध्याकाळी एकाने जावे, ‘गोळी घेतली का?’ एवढे विचारावे, हवे तर पत्ते खेळावेत. पंधराव्या दिवशी पुन्हा दाखवायला आणावे आणि तो हो म्हणाला तर सोबत आत यावे.